बारा शून्यांचा कागद

सिंधूच्या फॉर्मवर बारावं शून्य लिहून झालं आणि मी पेन खाली ठेवलं.

"सिंधू, नीट आठवून सांग. एक किलोमीटर चालायला त्रास होत नाही?"

"न्हाई."

"अर्धा तास उभं राहायला?"

"न्हाई म्हनलं की म्याडम. कितींदा इचारता?"

आमच्या फॉर्मवर बारा प्रश्न होते. चालणं, उभं राहणं, अंघोळ, कपडे, घरकाम, शेजाऱ्यांशी वागणं वगैरे. गेल्या तीस दिवसांत या गोष्टी करायला किती त्रास झाला, असं विचारायचं. अजिबात नाही म्हटलं की शून्य, जमतच नाही म्हटलं की चार. सहा महिन्यांपूर्वी, चैत्रात, याच सिंधूच्या बारा उत्तरांची बेरीज सत्तावीस आली होती. तिच्याच ओट्यावर बसून मी ती केली होती. आता बेरीज शून्य.

मी फिजिओथेरपिस्ट. तेव्हा अठरा वर्षं नोकरी झाली होती. इतक्या वर्षांत सत्तावीसचं शून्य झालेलं मी पाहिलेलं नव्हतं, आणि सिंधूसारख्या दुखण्यात तर नाहीच. आदल्या हंगामात ऊसतोडीला गेली असताना, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना ती खाली पडली होती. कमरेच्या मणक्याला मार बसला, नस दबली आणि डावं पाऊल लुळं पडलं. याला आम्ही फूट ड्रॉप म्हणतो. चालताना पाऊल वर उचलत नाही, पुढचा भाग जमिनीला घासतो, बोटं अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. त्यावर आम्ही तिला स्प्लिंट दिली होती. पोटरीपासून तळव्यापर्यंत येणारी प्लॅस्टिकची पट्टी, चपलेच्या आत बसते आणि पाऊल काटकोनात धरून ठेवते.

"स्प्लिंट कुठं आहे?"

सिंधूने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि म्हणाली, "कसली स्प्लिंट?"

तेव्हाच मान वळवून मागे पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. मला वाटलं स्प्लिंट हरवली असेल आणि आता मी रागावेन म्हणून बाई घाबरली. माझा राग त्या प्रकल्पात प्रसिद्ध होता. त्यानंतर दहा मीटर चालण्याची चाचणी घ्यायची होती. तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला, सिंधूने हंडा उचलला आणि ती निघाली. दारातून मला दिसलं, ती डावा गुडघा गरजेपेक्षा वर उचलून चालत होती. पाऊल लुळं असलं की माणूस असंच चालतो. शिकाऊ विद्यार्थ्यालाही ओळखू येईल. मी फॉर्मवर 'चाचणी झाली नाही' असं लिहिलं, खाली सही केली, संस्थेचा शिक्का मारला आणि कॉपी तिच्या नावाच्या पाकिटात घातली.

गाव केज तालुक्यातलं. नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. शहरातल्या एका संस्थेचा पुनर्वसन संशोधनाचा प्रकल्प होता. अपंगत्व असलेली मुलं आणि मोठी माणसं घरी बसून काय करू शकतात, काय नाही, हे मोजायचं. मग सहा महिने घरच्या घरी करायचे व्यायाम शिकवायचे आणि पुन्हा मोजायचं. पहिल्या मोजणीला आम्ही राउंड वन म्हणायचो, दुसरीला फॉलो-अप. प्रकल्पाचे प्रमुख शहरात बसायचे, त्यांना सगळे सर म्हणत. गावात फिरायला मी.

राउंड वन घरोघरी जाऊन झाला. फॉलो-अप भाद्रपदाच्या शेवटी आला तेव्हा दुष्काळाने सगळं गाव पोखरलं होतं. दिवसा घरात माणूस सापडेना. पाणी तीन दिवसांआड यायचं, तेही कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून सगळे हंडे घेऊन टँकरच्या जागेपाशीच बसून असायचे. ती जागा म्हणजे सहकारी दूध संस्थेचं आवार. जनावरं छावणीत गेलेली, दूध बंद, संस्थेची खोली रिकामी. मला वाटलं, माणसं इथंच आहेत तर आपणही इथंच टेबल टाकावं. चेअरमनना विचारलं. ते म्हणाले, "विचारता काय मॅडम, तुमचीच संस्था हाय. फॅन लावून देतो." टेबल दिलं, चहा दिला आणि स्वतः मागच्या टेबलाशी फोन घेऊन बसले. बसतात बिचारे, म्हटलं, त्यांचंच ऑफिस आहे.

आपल्याला सुचलेल्या सोयीवर मी खूश होते. चार दिवसांचं काम दोन दिवसांत उरकत होतं.

कॉपी देण्याची कल्पनाही माझीच. चैत्रात एका म्हातारीने मला चांगलंच सुनावलं होतं. "येता, इचारता, लिवून घेता अन् जाता. काय लिवलं ते कधी दावता का?" मला ते लागलं. मी सरांकडे भांडून फॉर्मची मराठी प्रत करून घेतली, खाली आकडा, सही आणि शिक्का. माणसाच्या शरीराबद्दलचा कागद त्या माणसाकडे असला पाहिजे, असं मी मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं होतं. टाळ्या मिळाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शून्यांची रांग लागली. गुडघे गेलेले, खांदा निखळलेला, कोयत्याने हाताची शीर तुटलेला, सगळे ठणठणीत. मी सरांना फोन केला.

"सर, मोठ्यांचे स्कोअर फार खाली येतायत."

"अरे वा! होम एक्झरसाइजचा रिझल्ट आहे हा."

"निम्म्या लोकांनी व्यायाम केलेलेच नाहीत सर. मी विचारलं."

"मग काउन्सेलिंगचा असेल. मॅडम, हे सेल्फ रिपोर्ट आहे. पेशंट सांगेल ते लिहायचं, आपलं मत घालायचं नाही. ट्रेनिंगमध्ये तुम्हीच शिकवलंत."

शिकवलं होतं खरं. फोन ठेवला.

मला खटकलं ते मुलांच्या फॉर्ममुळे. लहान मुलांचे प्रश्न आईला विचारायचे असतात. एक बाई स्वतःच्या बारा प्रश्नांना न्हाई न्हाई म्हणत गेली. चैत्रात तिला मांडी घालून बसता येत नव्हतं. लगेच तिच्या पाच वर्षांच्या मुलीचा फॉर्म घेतला. मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या वेळी मेंदूला इजा होऊन हातपाय ताठर झालेले. तिथं मात्र बाई एकेक गोष्ट नीट सांगत होती. भरवावं लागतं, पाणी कमी म्हणून अंघोळ चार दिवसांनी, कडेवर घेऊन कंबर मोडते. तीन, चार, चार, चार. तेच टेबल, तीच बाई, पाच मिनिटांचं अंतर. मुलीबद्दल खरं बोलणारी बाई स्वतःबद्दल खोटं का बोलते, हे मला काही केल्या उमगेना. कंबर मोडते असं तिनं आत्ताच माझ्यासमोर म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिंधूचा नवरा अंकुश आला. हातात तिचं पाकीट.

"म्याडम, ह्यावर शिक्का नीट उमटला न्हाई. दुसरा मारून द्या."

"घरी ठेवायच्या कागदावर शिक्का कशाला नीट हवा?"

"चेअरमन म्हनले, शिक्का दिसंना. नवा आन."

"चेअरमनचा काय संबंध?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये, असं त्याच्या तोंडावर होतं.

"म्याडम, चेअरमन मुकादम हायेत. टोळी त्येंचीच."

मुकादम म्हणजे कारखान्याला तोडणी मजूर पुरवणारा माणूस. तो माणसं घेत नाही, कोयते घेतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडणार, ती मोळ्या बांधून वाहणार. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्धा कोयता कुणाला नको असतो. इतकं मला ठाऊक होतं. बीड जिल्ह्यात राहून न कळण्यासारखं ते नाही. अंकुशने पुढचं सांगितलं. औंदा पाऊस नाही म्हणून ऊस नाही, कारखाने दोन-अडीच महिनेच चालणार, चेअरमनना दरवर्षीपेक्षा निम्मेच कोयते न्यायचेत, आणि जायला तर सगळं गाव तयार. मग त्यांनी निवड सोपी केली. ज्याच्या घरात दुखणं, त्यानं म्याडमच्या संस्थेचा कागद आणायचा. बारा शून्यं असतील तो कोयता घेतो.

"लई लोकांनी दिला बी," अंकुश म्हणाला. "आमचाच ऱ्हायला. शिक्क्यापायी."

मी तेव्हा कुठं मागे वळून पाहिलं. टेबलाशी चेअरमन नव्हते, खुर्ची रिकामी होती. तीन दिवस मी त्या खुर्चीकडे पाठ करून लोकांना मोकळेपणी बोला म्हणून सांगत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की अंकुशकडे बघवेना.

चेअरमन आवारातच भेटले. टँकरवाल्याशी बोलत होते. मी तिथंच सुरुवात केली.

"तुम्ही आमचे फॉर्म मजूर निवडायला वापरताय?"

"या मॅडम. चहा झाला का?"

"मी काय विचारतेय?"

"फॉर्म मी मागितला का तुमच्याकडं? तुमीच लोकांना वाटले. त्येंनी मला दाखवले. यात माझी काय चूक सांगा."

"ते संशोधनाचे कागद आहेत. फिटनेस सर्टिफिकेट नाही."

"खाली सही कुणाची? तुमची. डॉक्टर का न्हाई तुमी?" आवाज न चढवता बोलत होते. "बघा, मी काय राक्षस न्हाई. फळीवर एक बाई पडली की सगळी टोळी बसून ऱ्हाती. गाडी भरत न्हाई, कारखाना मला धरतो. मागच्या वर्षी सिंधू दुसऱ्या मुकादमाकडं होती. पडली ते गावाला म्हाईत हाय. बरी किती झाली ते तुमालाच म्हाईत. म्हनून तुमचा कागद." मग म्हणाले, "खोटा हाय का तो? खोटा आसंल तर आत्ता सांगा. सिंधूचं नाव काढतो, दुसरा कोयता तयार हाय."

टँकरवाला ऐकत होता. हंडे घेऊन बसलेल्या बायका ऐकत होत्या. सिंधूही त्यांच्यात होती.

पेशंटची माहिती तिसऱ्याला द्यायची नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. चेअरमनना उत्तर का दिलं नाही, हे नंतर सांगायला तो माझ्या चांगलाच कामी आला. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला नियम आठवला नव्हता. सिंधू माझ्याकडे कशी बघत होती ते फक्त दिसत होतं. मी मूग गिळून गप्प बसले. चेअरमननी मान डोलावली, जणू मी हो म्हणाले.

दुपारी मी सिंधूच्या घरी गेले. स्प्लिंट तिच्या पत्र्याच्या पेटीत, साडीत गुंडाळलेली होती.

"घालत का नाहीस?"

"घातली की समद्यांला दिसतं. चप्पल मोठी दिसती."

"सिंधू, या पायानं फळीवर चढलीस तर परत पडशील. या वेळी एक पाय नाही, दोन्ही जातील. मणक्याचं आहे हे."

"म्हाईत हाय."

"मग?"

"मग काय म्याडम? हितं काय हाय? प्यायला पानी न्हाई. तुमी खरं बोललात तर हेंचं बी जानं ऱ्हाईल. यकट्याला कोन नेतंय? पोरी वसतिगृहात टाकल्यात, त्या सुट्टीत आल्या की त्येंला काय घालू?" मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "मी मोळ्या बांधीन नुसत्या. फळीवर हे जातील. आमचं ठरलंय."

"तोडणारा तोडायचा थांबून वाहायला लागला तर गाडी भरेल?"

"भरू की हळूहळू."

तिलाही माहीत होतं की हळूहळू गाडी भरणारा कोयता कुणी ठेवून घेत नाही. मी तिला पर्याय काय देणार होते? घरी करायचे व्यायाम? ते तर मी आधीच शिकवले होते. अपंगत्वाच्या दाखल्याचं बोलले तर ती हसली. दाखला काढायला जिल्ह्याला तीन खेपा, आणि एकदा तो निघाला की पुढच्या कुठल्याच हंगामात कुणी मुकादम दारात येणार नाही.

"शिक्का मारा," ती म्हणाली.

मी बॅग उघडली आणि शिक्का मारला. या वेळी नीट, दाबून.

दुसऱ्या दिवशी दूध संस्थेतलं टेबल उचललं. राहिलेले फॉर्म घरोघरी जाऊन भरले, कॉपी देणं बंद केलं. लोक चिडले. त्यांना कॉपी दिली आणि आम्हाला का न्हाई, असं दोघातिघांनी विचारलं. आधीच्या तीन दिवसांचे फॉर्म रद्द करून पुन्हा घ्यावेत, असं मी सरांना कळवलं. सर म्हणाले, फॉलो-अप एकदाच होतो, तसं प्रोटोकॉलमध्ये आहे. मग मी प्रत्येक फॉर्मच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'उत्तर मुकादमासमोर दिलेलं आहे, विश्वसनीय नाही.' कॉम्प्युटरवर फक्त आकडे चढतात, शेरे चढत नाहीत, हे मला नंतर कळलं.

दसरा झाला आणि टोळ्या गेल्या.

पौषात अंकुशचा फोन आला. पश्चिमेकडच्या एका सहकारी कारखान्याच्या हद्दीत त्यांची तोड चालू होती. दोन दिवस त्याला ताप होता, तरी तो तोडत होता, वाहणं मात्र जमेना. गाडी अर्धी उभी राहिली. सिंधूने मोळी डोक्यावर घेतली.

"दोन मोळ्या नीट गेल्या, म्याडम," तो म्हणाला. "तिसऱ्याला पाय अडकला फळीत."

तिथल्या सरकारी दवाखान्यात तिच्यावर ऑपरेशन झालं. कमरेखालचं सगळं गेलं. कारखाना म्हणाला, मजूर मुकादमाचा. मुकादम म्हणाला, बाई फिट होती, कागद आहे माझ्याकडं.

प्रकल्पाचा रिपोर्ट तोवर तयार झाला होता. त्यात एक तक्ता होता. प्रत्येक माणसाची एक रेघ, राउंड वनपासून फॉलो-अपपर्यंत. मोठ्यांच्या बहुतेक रेघा सरसर खाली उतरलेल्या, म्हणजे सुधारणा. सगळ्यात उभी उतरणारी रेघ सिंधूची. मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"ही रेघ काढा सर. ही बाई आज अंथरुणात आहे."

त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "घटना फॉलो-अपनंतरची आहे. स्टडी पीरियडच्या बाहेर. आपण एक रेघ काढली तर आपल्या मनासारखा डेटा केला असं म्हणतील."

"मग निदान खाली टीप तरी द्या."

"कशाची? आपला फॉर्म मुकादम वापरत होता याची? पुढचं फंडिंग मिळेल का मॅडम?"

टीप दिली गेली नाही. तो तक्ता एका परिषदेत पोस्टर करून लावला, आणि शेजारी उभी राहून लोकांना समजावून सांगायला मला पाठवलं. मी गेले. नोकरी होती. कुणीतरी त्या उभ्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "या केसमध्ये नेमकं काय केलंत?" मी म्हणाले, शिक्का मारला. त्यांना तो विनोद वाटला.

पुढच्या चैत्रात मी स्वतःच्या रजेत गावाला गेले. केजपर्यंत एसटी, पुढे जीप. सिंधू ओट्यावर बाजेवर होती. पाठीला जखम झाली होती. एकाच कुशीवर पडून राहिलं की रक्त पोहोचत नाही आणि कातडी सडते. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, उशा कुठं लावायच्या, लघवीची नळी कशी स्वच्छ ठेवायची, हे मी अंकुशला शिकवलं. तो मन लावून शिकला. ती सगळा वेळ माझ्या बॅगेकडे बघत होती.

"फॉर्म न्हाई आनला?" तिनं विचारलं.

"ते काम संपलं, सिंधू."

"आता खरं सांगितलं आसतं."

मी बॅगेतून औषधाच्या पावतीचा कागद काढला आणि उलटा केला. पेन धरलं. प्रश्न मला विचारावे लागले नाहीत. बाराच्या बारा तिला पाठ होते.

"उभं ऱ्हायला, चार. चालायला, चार. अंगूळ, चार. घरकाम, चार." ती एकेक बोट दुमडत गेली. मधेच अडली. "शेजाऱ्यांशी वागायला... ते शून्य लिवा. येतात बिचाऱ्या. पानी भरून देतात."

मी शून्य लिहिलं. माझ्याकडे सिंधूनं सांगितलेलं खरं शून्य तेवढं एकच आहे, आणि ते कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नाही.

आता नव्या मुलींना ट्रेनिंग देते तेव्हा स्केल, स्कोअर, प्रोटोकॉल सगळं शिकवते. पण त्याआधी एक गोष्ट सांगते. माणसाला पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी उठून खोलीत एक चक्कर मारा, आणि बाकी कोण कोण बसलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.